बुडालेली खतपत्रे, जळालेली खतपत्रे

तुकोबारायांची पालखी वरवंडचा मुक्काम आटोपून पाटसला येते आणि पुढे रोटीचा घाट चढून उंडवडीच्या वाटेला लागते. काही वर्षांपूर्वी घाट चढून आल्यावर आम्ही विसाव्याला बसलो होतो. शेजारी आमच्याच दिंडीतले एक वृद्ध वारकरी होते. त्यांची उमेद मुंबईच्या गिरणगावात गेली. १९८२च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. तेव्हापासून ते गावी असतात. गळ्यातली तुळशीची माळ मात्र गिरणीत जाण्याच्या आधीपासूनची.

पाय चोळता चोळता ते म्हणाले, "माउली, एक विचारतो, राग मानू नका. तरुणपणी मी लाल बावट्याच्या मोर्च्यात चाललो, आता ही पताका घेऊन चालतो. तेव्हा युनियनमधला एक जण म्हणायचा, ती माळ काढ, मग खरा कामगार होशील. गावाकडचे एक बुवा म्हणायचे, तो बावटा टाक, मग खरा वारकरी होशील. मी दोन्ही केलं नाही. पण मनात राहिलंय. सगळं देवाचं चैतन्यच आहे म्हणायचं, आणि सगळं पोटापासून सुरू होतं असंही म्हणायचं, ही माझी लबाडी तर नव्हे?"

तेवढ्यात विणेकऱ्यांनी इशारा केला, टाळ वाजले, दिंडी उठली. उत्तर राहून गेले. खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हतेच. पुढे काही वाचन झाले, काही विचार झाला. तो सज्जनांपुढे ठेवतो.

प्रथम दोन्ही पक्ष नीट समजून घ्यावेत. मूळ तत्त्व चैतन्य आहे आणि जड जग त्याच्या आश्रयाने आहे, असे मानणाऱ्या मताला चिद्वाद म्हणतात. युरोपात बर्कले, हेगेल यांनी ते आपापल्या परीने मांडले. मूळ तत्त्व जड आहे, चैतन्य हे त्या जडातूनच फार उशिरा उमललेले फळ आहे, असे मानणारा तो भौतिकवाद. कार्ल मार्क्स (१८१८–१८८३) आणि त्याचा सहकारी एंगल्स यांनी या भौतिकवादाला इतिहासाची जोड दिली. माणसे अन्न-वस्त्र कसे पिकवतात, जमीन आणि साधने कोणाच्या हाती असतात, यावरून समाजाची घडण ठरते. कायदा, नीती, धर्म आणि तत्त्वज्ञान त्या पायावर उभे राहतात, असे ते सांगतात. एंगल्सने तर तत्त्वज्ञांच्या दोन छावण्याच पाडल्या. आधी चैतन्य म्हणणारे एकीकडे, आधी निसर्ग म्हणणारे दुसरीकडे.

आपल्याकडे समन्वयाची मोठी हौस आहे. ज्ञानोबा आणि मार्क्स यांनी एकच गोष्ट सांगितली, दोघांनाही समताच हवी होती, अशी भाषणे आपण ऐकतो. ऐकायला गोड वाटतात, पण त्यात दोघांवरही अन्याय होतो. मार्क्सच्या मते मेंदू विझला की जाणीव विझली. ज्ञानदेवांच्या मते पाहणारा हा पाहिल्या जाणाऱ्या वस्तूंतून उपजत नाही. तोच आधी आहे. 'चांगदेवपासष्टी'त सोन्याचा आणि दागिन्याचा, पाण्याचा आणि तरंगाचा दृष्टान्त येतो. तिथे सोने म्हणजे चैतन्य आणि दागिना म्हणजे जग. भौतिकवादी नेमके उलटे म्हणेल, की जड द्रव्य हे सोने आणि जाणीव हा त्याचा एक दागिना. ही दोन मते एका म्यानात राहणार नाहीत. मूळ तत्त्वापुरते उत्तर स्पष्ट 'नाही' असेच आहे, आणि ते प्रामाणिकपणे द्यावे.

पण त्या वृद्ध वारकऱ्याचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. त्यांना मूळ तत्त्वाचा निकाल हवा नव्हता. आपण दोन्हीकडे चाललो ते खोटे होते का, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी देहूला जावे लागेल.

शके १५५२, म्हणजे सन १६३०च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबांचे घराणे महाजनकीचे, देवघेवीचे. दुष्काळात व्यापार बुडाला, द्रव्य गेले, मान गेला. पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, हे तुकोबांनी आपल्या अभंगातच सांगून ठेवले आहे. पुढची कथा महिपतींच्या चरित्रामुळे घराघरांत पोचली. घरातली कर्जाची खतपत्रे तुकोबांनी बाहेर काढली. बंधू कान्होबांना त्यांचा अर्धा वाटा दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली.

ही कथा आपण कीर्तनात वैराग्याचा दृष्टान्त म्हणून ऐकतो. भौतिकवाद्याला ती ऐकवली तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, पाहा, आधी दुष्काळ आला. आधी भूक, मग वैराग्य. पाऊस नीट पडत राहता तर देहूचा एक सुखवस्तू महाजन गल्ल्यावर बसून राहता. परिस्थिती बदलली म्हणून जाणीव बदलली.

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तुकोबा स्वतःच आपल्या पालटाची हकिगत दुष्काळापासून सुरू करतात. आपण मात्र पुष्कळदा दुष्काळ गाळून फक्त साक्षात्कार सांगतो. भुकेचा उल्लेख केल्याने संतांचे थोरपण कमी होईल, अशी आपल्याला उगाच भीती वाटते.

तरी इथे एक प्रश्न उरतो. त्या दुष्काळात महाजन काय एकटे तुकोबाच होते? गावोगावी सावकार होते, सगळ्यांनी तीच उपासमार पाहिली. कित्येकांनी धान्याचे भाव चढवले असतील, गहाण जमिनी गिळल्या असतील. खते नदीत नेऊन टाकावीत असे एकालाच वाटले. दुष्काळ सर्वांना सारखा आणि उत्तर एकाचेच असे, हे का? मनुष्य परिस्थितीने घडतो हे खरे. पण तिला उत्तर काय द्यायचे हे तीच पूर्णपणे ठरवत नाही. पांडुरंगाच्या नात्याने ऋणको आपलाच झाला, तर त्याचे खत पेटीत ठेवणे हातून होत नाही. इथे एका भावाने कागद बुडवले.

गंमत अशी की मार्क्सलाही ही अडचण दिसली होती. १८४५ साली त्याने फॉयरबाखवर अकरा छोटी टिपणे लिहिली. ती एंगल्सने त्याच्या मृत्यूनंतर, १८८८ साली छापली. त्यातल्या पहिल्याच टिपणात तो आपल्या आधीच्या भौतिकवाद्यांना दोष देतो. त्यांनी जग नुसते पाहण्याची वस्तू मानले, माणसाची कृती त्यांच्या हिशेबातून सुटली. कर्तेपणाची ती बाजू चिद्वाद्यांनीच फुलवली, मात्र हवेतल्या हवेत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मार्क्सचा भौतिकवाद चिद्वादाशी भांडत असला तरी चिद्वादाचा ऋणी आहे. माणूस परिस्थितीच्या हातातला नुसता गोळा नाही, ही गोष्ट त्याने तिकडूनच घेतली. पुढे पुष्कळ मार्क्सवादी हे ऋण विसरले, तसे पुष्कळ अध्यात्मवादी तुकोबांचा दुष्काळ विसरले.

आता रोटीच्या घाटाकडे परत येऊ. पालखी ज्या वाटेने जाते तिच्या उजव्या अंगाला काही कोसांवर सुपे हे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. खतपत्रे, हिशेबाच्या वह्या, हुकूमनामे हाती लागताच त्यांनी त्यांची होळी केली. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. कारणे उघड होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने जमिनीचा सारा वाढवला. सावकारांनी हात आखडला आणि कोर्टातून जप्त्या सुरू झाल्या. इंग्रजी कोर्टाला फक्त कागद दिसे, कागदावर अंगठा कसा उठला ते दिसत नसे.

इथे आपण वारकऱ्यांनी क्षणभर थांबून स्वतःला विचारले पाहिजे. देहूच्या इंद्रायणीत खते बुडाली आणि सुप्यात खते जळाली, या दोन घटनांत जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर आहे. या सगळ्या काळात याच मुलखात तुकोबांचे अभंग गावोगावी गाइले जात होते. एकादश्या होत होत्या, सप्ताह होत होते. मग सावकाराच्या पेटीतले कागद कसे शाबूत राहिले? आपण तुकोबांचे अभंग जपले, पण त्यांनी कागद बुडवल्याची गोष्ट चमत्काराच्या रांगेत नेऊन बसवली. ती करायची गोष्ट आहे हे विसरलो. भौतिकवादी टीकाकाराचा सर्वांत मोठा घाव इथे बसतो आणि तो योग्य जागी बसतो. एका माणसाचे मन पालटले तर एक पेटी रिकामी होते. सगळ्या पेट्यांची व्यवस्था त्याने बदलत नाही. त्यासाठी अनेकांनी मिळून हालचाल करावी लागते, कायदा लागतो. सुप्याच्या दंग्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला. हे नुसत्या उपदेशाने झाले नसते.

पण होळीने तरी सारे संपले का? तेही नाही. कायदा झाला तरी कर्ज राहिले, नवे कागद झाले, नव्या वाटा निघाल्या. लोभाला कागदच हवा असे नाही. आणि जिथे मार्क्सच्या नावाने राज्यच आले, त्या रशियात १९१७ नंतर जमीनदार गेले. पण १९३२–३३ साली सरकारने केलेल्या धान्यवसुलीने लाखो शेतकरी उपाशी मेले. मालकी बदलली, तरी दुसऱ्याच्या ताटातला घास ओढणारा हात उरलाच. पाया बदलला की माणूस आपोआप बदलेल, हा भरवसा तिथे खोटा ठरला. जाळलेल्या कागदाची जागा कोणी तरी नवा कागद घेतो. बुडवणाऱ्याचे मन मात्र पुन्हा कागद करायला बसत नाही. म्हणून मला वाटते की सुप्याला इंद्रायणी हवी आणि इंद्रायणीला सुपे हवे.

आता आपल्यावरच्या दोन प्रसिद्ध आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप धर्म म्हणजे अफू, हा. तो मार्क्सचाच; पण त्याच जागी त्याने असेही सुचवले आहे, की धर्मातून माणसाचे खरे दुःख बोलते आणि त्या दुःखाविरुद्धची तक्रारही बोलते. हा अर्धा भाग त्याचे अनुयायी गाळतात. असो. अफू घेणाऱ्याला काय हवे असते? या जगातून सुटका. दुःख विसरावे, शुद्ध हरपावी. आता आपल्या संतांची मागणी पाहा. त्यांना मोक्षाचीही ओढ नाही. संतसंगासाठी आणि नामासाठी पुन्हा जन्म द्या, गर्भवास चालेल, असे ते देवाला सांगतात. जगातून पळणारा माणूस पुन्हा जगात येण्याचे मागणे मागत नाही. मार्क्सवादी म्हणतो, दुःख संपले की भक्ती आपोआप गळून पडेल. आपला अनुभव असा, की मागण्यासाठी केलेली भक्ती गळते आणि जिला काही मागायचेच नाही ती उरते. मात्र हेही कबूल करावे, की आपल्यातले कितीतरी जण नवसाची, गाऱ्हाण्याची भक्ती करतात आणि कितीतरी व्यासपीठांवरून सोसत राहा एवढाच उपदेश होतो. तेवढ्या भागाला अफूचा आक्षेप लागू आहे. तो तुकोबांना लागू नाही.

दुसरा आक्षेप दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. गणितज्ञ, इतिहासकार आणि मार्क्सवादी असलेल्या कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या इंग्रजी ग्रंथात गीतेचा सामाजिक अंगाने विचार केला. भक्ती म्हणजे वरच्यावर अढळ निष्ठा. सरंजामी समाजात कूळ मालकाशी आणि सरदार राजाशी अशाच निष्ठेने बांधलेला असतो. म्हणून भक्तीची शिकवण त्या व्यवस्थेला सोयीची पडली, असे ते म्हणतात. याच ग्रंथात दख्खनच्या पठारावर पायी हिंडून त्यांनी दाखवले, की यात्रांच्या वाटा पुष्कळदा गुराखी-धनगरांच्या फार जुन्या फिरस्तीच्या वाटा आहेत. आपल्या वारीचे नातेही ते तिथवर नेतात.

वाटांची गोष्ट आपण आनंदाने मान्य करावी. रा. चिं. ढेरे यांनीही 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाची पाळेमुळे गवळी-धनगरांत शोधली, आणि ते वाचून कोणाची श्रद्धा उणावल्याचे मला ठाऊक नाही. वडाचे बी पाखराच्या विष्ठेतून पडले असे कळले म्हणून सावली कमी होत नाही. एखादी गोष्ट कुठून आली याने ती काय झाली याचा निकाल लागत नाही. भौतिकवादी टीकेची ही नेहमीची चूक आहे. ती मूळ शोधते, आणि मूळ सापडले की झाड समजले असे धरून चालते.

निष्ठेबद्दलचे म्हणणे मात्र अधिक टोचते. त्याचे एक उत्तर वारीतच आहे. सरंजामी व्यवस्थेत पाया पडण्याची दिशा ठरलेली असते, खालचा वरच्याच्या पाया पडतो. वारीत दोघे एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचा म्हातारा सात वर्षांच्या पोराला माउली म्हणून वाकतो. निष्ठा विठ्ठलाची खरी, पण विठ्ठल समोरच्यातच असल्यामुळे ती वर न जाता आडवी पसरते. हे कोसंबींच्या चौकटीत बसत नाही. तरी या उत्तरावर आपण फार फुगू नये. आपल्या दिंड्यांतही मानपानाचे क्रम आहेत. आणि पंढरपूरच्या मंदिराचा दरवाजा तर १९४७ सालापर्यंत दलितांना बंद होता.

ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्या लेकरांना शतकानुशतके पायरीवरूनच परतावे लागले. वाळवंटात समता आणि गाभाऱ्यात भेद, हे आपण इतकी वर्षे कसे चालवून घेतले? भौतिकवादी सांगतो, की गावगाडा, वतने आणि बलुते यांची घडी तशीच राहिली, म्हणून वरचा विचार वाळवंटातच राहिला. याला माझ्यापाशी खोडून काढणारे उत्तर नाही. पण तो दरवाजा उघडला कसा, तेही पाहावे. साने गुरुजी समाजवादी होते, खानदेशात शेतकरी-कामगारांबरोबर राबलेले होते. त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, माणसे जागी केली, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. १० मेला ते सुटले आणि मंदिर खुले झाले. त्या दहा दिवसांत वारकरी दोन्ही बाजूंना होते, हे विसरू नये. गुरुजींनी शब्द वापरले ते संतांचे, आणि रेटा उभा केला तो संघटित लोकांचा. एकट्या शब्दांनी सहा शतके दार उघडले नव्हते. एकट्या रेट्याने ते कदाचित उघडले असते, पण मने उघडली नसती.

शेवटी ज्ञानदेवांकडे येतो, कारण आपल्या घरातला खरा आधार तिथे आहे. मार्क्सने ज्या चिद्वादाशी भांडण मांडले, त्यात जग दुय्यम ठरण्याचा धोका होता. जग छाया असेल, तर भूकही छायाच आणि भाकरीही छायाच. ज्ञानदेवांचा चिद्विलास तसा नाही. 'अमृतानुभवा'चे सातवे प्रकरण त्या ग्रंथात सर्वांत मोठे, आणि ते सगळे अज्ञानाच्या खंडनाला दिलेले. जग अज्ञानातून झालेला भास आहे, असे म्हणून माउली जगाला हाकलत नाहीत. जग हा चैतन्याचाच खेळ आहे, तेच या रूपाने दिसते आहे. याचा अर्थ फार कडक आहे. शेजाऱ्याची भूक मिथ्या आहे, असे म्हणण्याची सोय वारकऱ्याला राहत नाही. ती भूकही त्या चैतन्याच्याच पोटातली. रामेश्वरासाठी आणलेली कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा आपण जाणतो. जग भास मानणारा असे करणार नाही, आणि जग नुसते जड मानणाऱ्याला त्या गाढवात रामेश्वर दिसणार नाही.

म्हणून माझा निर्णय असा. सिद्धान्ताच्या पातळीवर चिद्वाद आणि मार्क्सचा भौतिकवाद यांचे जमत नाही, आणि ओढूनताणून जमवू नये. ज्याला मूळ तत्त्व चैतन्य वाटते त्याने तसे म्हणावे, ज्याला जड वाटते त्याने तसे म्हणावे. पण भौतिकवादी टीका ही वारकऱ्यासाठी शेजारची सहाण आहे. तिच्यावर आपली भक्ती घासून पाहावी. जिथे आपला परमार्थ कोणाच्या तरी कर्जखतावर, कोणाच्या तरी बंद दारावर पांघरूण घालत असेल, तिथे टीकाकाराचे ऐकावे. तुकोबांनीही आपल्याला तेच सांगितले असते. आणि जिथे टीकाकार म्हणतो की तुझे प्रेम म्हणजे तुझ्या पोटाची सावली, तिथे नम्रपणे मान हलवून नाही म्हणावे.

पुढच्या वर्षी ते वृद्ध वारकरी आले नाहीत. गुडघ्यांनी साथ सोडली, असे त्यांच्या मुलाने सांगितले. मी त्याच्यापाशी निरोप दिला, की बाबांना म्हणावे, लबाडी झाली नाही. मोर्च्यात चाललात तेव्हा खतपत्रे जाळायला निघाला होतात, वारीत चाललात तेव्हा आपली बुडवायला. दोन्ही कागद सारखेच आहेत. फक्त मोर्च्यात परक्याचा द्वेष मनात आला असेल तर तो विठोबापाशी ठेवावा, आणि वारीत कधी कोणाच्या दुःखाकडे काणाडोळा झाला असेल तर तोही तिथेच ठेवावा.

मुलगा म्हणाला, सांगतो. मग वाकला. मीही वाकलो.

राम कृष्ण हरी.